पार आणि पार्क

आमच्या तलवाड्यात पार्क नाही. ही तक्रार नव्हे. बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिणेला असलेल्या या गावात लहानाचा मोठा झालो, पण पार्क नाही म्हणून कुणाचं काही अडलेलं पाहिलं नाही. गावाला टेकडी आहे, टेकडीवर त्वरिता देवीचं देऊळ आहे. देवीचं नावच त्वरिता, म्हणजे हाकेसरशी पावणारी. त्यामुळे असेल, बाकीच्या सगळ्या गोष्टी यथावकाश झाल्या तरी गावाची हरकत नसते. एसटी यथावकाश येते, वीज यथावकाश येते, कालव्याचं पाणी यथावकाश सुटतं. तसा पार्कही यथावकाश येईल, घाई कुणाला आहे?

पार्क नाही, पण पार आहे. झाडाभोवती दगडमातीचा ओटा, कडेने चिरे, मध्ये बुंधा. दोन शब्दांत एका ‘क’चाच काय तो फरक. हा ‘क’ कशाचा, याचा शोध घेता घेता माझं निम्मं आयुष्य गेलं, असं म्हटलं तर जरा अतिशयोक्ती होईल. पण पारावर बसणाऱ्या माणसाला तेवढी अतिशयोक्ती माफ असते.

पाराचा एकच नियम मला ठाऊक आहे. नवा माणूस आला की बसलेल्यांनी सरकायचं. ‘जागा नाही’ हे वाक्य पारावर मी अजून ऐकलेलं नाही. सहा माणसांच्या जागेत अकरा बसलेले असतात, तरी बारावा आला की कुणीतरी बूड न उचलता नुसतं सरकल्यासारखं करतं आणि म्हणतं, ‘या की, बसा.’ जागा किती झाली याला महत्त्व नसतं. बारावा कडेला एका मांडीवर टेकतो आणि पाचव्या मिनिटाला तोच तेराव्याला ‘या की’ म्हणतो.

आता आमच्या भागात बागा नाहीत असंही नाही. गेवराईहून बीडकडे निघालात की हमरस्त्याच्या कडेने ‘गार्डन’ आणि ‘लॉन्स’ अशा पाट्या लागतात. गार्डन म्हणजे जेवणाचा ढाबा आणि लॉन्स म्हणजे लग्नाचं कार्यालय. लॉन्स हा शब्द नेहमी अनेकवचनीच असतो, मग तिथे गवताचं एकही पातं नसलं तरी चालतं. मे महिन्यात त्या लॉन्सवर हिरवी चटई अंथरतात, वर पंखे फिरतात, आणि नवरदेवाचा मामा दुपारी दोन वाजता त्या प्लास्टिकच्या हिरवळीवर अनवाणी पाय ठेवून दोन्ही पाय आळीपाळीने उचलत असतो. मराठवाड्याचा उद्यानविहार म्हणतात तो हाच.

ऐतिहासिक मैदान म्हणाल, तर तेही आमच्या बाजूला आहे. गोदाकाठचं राक्षसभुवन आमच्याच तालुक्यातलं. तिथे १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्या लढाईत पडला. आमच्या परिसरात त्यानंतर एवढ्या मोठ्या उपस्थितीचा सार्वजनिक कार्यक्रम झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आज त्या बाजूला जावं तर कापूस, ऊस, तूर. इतिहास अर्धा फूट खाली आणि वर फवारणी चालू.

*

पार्क हा शब्द आमच्या घरात आला तो अण्णांच्या पायातून. अण्णा म्हणजे आमचे वडील.

बहात्तरचा दुष्काळ. विहिरींचे तळ दिसत होते, जनावरं बाजारात कवडीमोल झाली होती. रेशनवर लाल मिलो मिळत होता आणि खडी फोडायच्या कामावर सुकडी. अण्णांनी काही दिवस खडी फोडली आणि मग ते मुंबई गाठून लालबागला एका चुलतभावाकडे राहायला गेले. चुलतभाऊ गिरणीत होता. गिरणीत अण्णांना काम काही लागलं नाही. पण एका संध्याकाळी चुलतभाऊ म्हणाला, “चल, तुला पार्कात सभा दाखवतो.” आमच्याकडे माणूस सभेला जातो तो ऐकायला. अण्णा मात्र सभा बघायला गेले.

पार्क म्हणजे दादरचा शिवाजी पार्क. सभा कुणाची होती ते अण्णांनी कधी नीट सांगितलं नाही. एकदा एका पुढाऱ्याचं नाव सांगत, एकदा दुसऱ्याचं. सभेत काय ऐकलं हेही त्यांना आठवत नसे. त्यांना आठवत ती माणसं आणि ती जमीन. घरी आल्यावर ते आईला म्हणाले होते, “अठ्ठावीस एकर रान हाय बघ गावाच्या मधोमध. आन् नांगर म्हणून नाही!” त्यांना ते अखेरपर्यंत पटलं नाही. एवढी सपाट, बांध नसलेली, वाटण्या न झालेली जमीन, तीही ऐन वस्तीत, आणि तिच्यात काही म्हणजे काही पेरत नाहीत. पुढे बरेच दिवस विचार करून त्यांनी स्वतःच त्याचा उलगडा केला. “काळी माती नाही ना तिथं, म्हणून पडीक ठेवली असंल.”

त्या सभेत अण्णांची चप्पल गेली. पाया पडणाऱ्या, पळणाऱ्या, बसणाऱ्या, उठणाऱ्या माणसांच्या लोंढ्यात उजवी चप्पल जी निघाली, ती परत काही सापडली नाही. सभा संपल्यावर मैदानात चपलांचा खच पडला होता. अंधारात चाचपडून अण्णांनी त्यातली एक घातली आणि लालबागला येऊन दिव्याखाली पाहिलं तर तीही डावीच. त्या दोन डाव्या चपला घालून ते तलवाड्याला परत आले. “लाखभर माणूस व्हतं, आन् एकाचाबी उजवा पाय माझ्या वाट्याला आला नाही,” असं ते सांगत. त्यानंतर आमचे चुलते येईल त्याला सांगत, “थोरला मुंबईला गेला आन् डाव्या विचाराचा होऊन आला.”

पण अण्णांच्या गोष्टीत एक भाग असा होता, जो सांगताना ते हसत नसत. ते म्हणत, “एवढं माणूस गोळा झालं, आन् पोलीस नुसते उभे. कागद म्हणून इचारला नाही कुणाला.” लहानपणी मला यात विशेष काय ते कळत नसे. नंतर कळलं. अण्णांचं बालपण निजामी राजवटीतलं. तेव्हा ‘गश्ती निशाण ५३’ नावाचं एक फर्मान होतं. त्यानुसार सरकारी परवानगीवाचून सभा घेता येत नसे. लोकांना एकत्र जमायचं तर गणपती लागे, कीर्तन लागे, नाहीतर वाचनालयाचा वाढदिवस लागे. १९३७ साली शेजारच्या परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा मराठवाड्यातल्या माणसाला उघड्यावर बसून उघड बोलण्याची थोडी चव कळली. पुरती मोकळीक मिळायला सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. पारावर चार माणसं बसली की पाचवा कोण आहे ते आधी बघायचं, अशी सवय लागलेल्या घरातला माणूस एकदम लाखाच्या सभेत उभा राहिला होता. चप्पल जाणारच.

*

मी स्वतः तिथे गेलो तो अण्णा गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. मुलगा नोकरीला कल्याणकडे. एका रविवारी म्हटलं, दादरला जाऊन येतो. सून म्हणाली, “बाबा, एकटे जाऊ नका.” मुलगा म्हणाला, “जाऊ दे, ते तलवाड्याहून गेवराईला उभ्याने जातात, लोकल काय करणार त्यांना?”

स्टेशनातून विचारत विचारत निघालो. माझ्या डोळ्यांसमोर पार्क म्हणजे कारंजं, गुलाबाचे वाफे, ‘फुले तोडू नयेत’ची पाटी आणि त्या पाटीखाली फुलं तोडणारं कुणीतरी. अण्णांनी पडीक रान म्हणून सांगितलं होतं, पण मला वाटलं, एवढ्या वर्षांत काही लावलं असेल. चालत चालत एका मोठ्या मोकळ्या जागेपाशी आलो. कडेने झाडं, झाडांखाली लांबच लांब कठडा, आत लाल माती आणि पांढऱ्या कपड्यांतली असंख्य पोरं. कठड्यावर माझ्याच वयाचे एक गृहस्थ पाय सोडून बसले होते. त्यांना विचारलं, “शिवाजी पार्क कुठं आहे हो?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पिशवीकडे पाहिलं. आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, “तुम्ही उभे आहात तोच.”

“पण इथं तर काहीच नाही.”

“हो ना,” ते खूश होऊन म्हणाले, “अजून तरी नाही.” आणि ते सरकले.

अगदी पारावर सरकतात तसे, बूड न उचलता. मी बसलो. अण्णांनी मला या जागेबद्दल सगळं सांगितलं होतं, हा कट्टा तेवढा सांगायचा राहिला होता. कदाचित अंधारात दिसला नसेल. एक किलोमीटरहून जास्त लांबीचा, सगळ्या मैदानाला कवेत घेणारा पारच तो. फक्त झाड मध्ये नसून बाहेर, आणि मध्ये गाव.

“कुठून आलात?”

“तलवाडा.”

“तळवडे? पुण्याचं?”

“नाही, तलवाडा. बीड जिल्हा.”

“अच्छा, तळवडे, बीड जिल्हा.”

मुंबईकराला तलवाडा ऐकू येत नाही, हे मला आता सवयीचं झालं आहे. मी दुरुस्ती सोडून दिली आणि तो दिवसभर तळवड्याचा म्हणून बसलो.

दादरच्या माणसाला शिवाजी पार्काविषयी विचारणं म्हणजे पंढरीच्या बडव्याला विठोबाविषयी विचारणं. मुंबई महापालिकेने १९२५ मध्ये ही जागा लोकांना खुली केली, तेव्हा नाव होतं माहीम पार्क. दोन वर्षांनी, १९२७ मध्ये, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या सूचनेवरून तो शिवाजी पार्क झाला. बरोबर हिशेब करा, हे गृहस्थ म्हणाले, तेव्हाच्या गणनेप्रमाणे महाराजांच्या जन्माला तीनशे वर्षं होत होती. मी मनात वेगळाच हिशेब करत होतो. इंग्रजाच्या राज्यात, इंग्रजाच्या शहरात, एक मराठी बाई उठून म्हणते की या जागेला शिवाजीचं नाव द्या, आणि पालिका देते. आमच्याकडे तेव्हा वाचनालयाच्या वाढदिवसाला जमण्याची परवानगी मागत होते.

मग त्यांनी मैदान दाखवायला सुरुवात केली, घर दाखवावं तसं. तिकडे व्यायाममंदिर, मल्लखांब तिथे. हा उद्यान गणेश. तो बंगाली मंडळींचा क्लब, त्यांची दुर्गापूजा इथेच होते. तो महाराजांचा अश्वारूढ पुतळा. आणि ही क्रिकेटची नेट. रमाकांत आचरेकर सर इथेच शिकवायचे. स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिनला बाद करील त्या गोलंदाजाला ते नाणं, कुणीच बाद केलं नाही तर सचिनला. अशी तेरा नाणी सचिनकडे जमली. सरांचं स्मारकही डिसेंबर २०२४ मध्ये इथेच झालं.

मला नाण्यापेक्षा वेगळ्याच गोष्टीचं आश्चर्य वाटत होतं. समोर एकाच वेळी निदान आठ-दहा सामने चालू होते. एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्या सामन्याच्या लाँगऑनला पाठ लावून उभा होता. एका बाजूने चेंडू आला, दुसऱ्याच सामन्यातल्या पोराने तो अडवून परत फेकला, आणि दोघांपैकी कुणालाही त्यात काही विशेष वाटलं नाही. आमच्याकडे शेजाऱ्याचं वासरू बांध ओलांडून आलं तर तंटा गेवराईच्या कोर्टापर्यंत जातो. इथे दहा जणांची रानं एकमेकांत मिसळलेली, बांध नाही, आणि सगळ्यांना आपापला चेंडू ओळखू येतो. अण्णा हे बघायला हवे होते. त्यांनी रात्रीचं मैदान पाहिलं, दिवसाचं राहूनच गेलं.

*

सभांचा विषय मीच काढला. गृहस्थ म्हणाले, “काय काय सांगू? संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आमचे वडील रोज संध्याकाळी यायचे. अत्र्यांना ऐकायला. घरी परत आले की रात्रीचं जेवण अत्र्यांच्या आवाजात.” शिवसेनेचा पहिला मेळावा इथे झाला, ३० ऑक्टोबर १९६६. त्यानंतर दसरा म्हटला की सोनं लुटायचं आणि पार्कात जायचं, असं अनेक घरांत ठरूनच गेलं. मनोहर जोशींच्या सरकारचा शपथविधी इथे, १४ मार्च १९९५. उद्धव ठाकरे यांचा इथे, २८ नोव्हेंबर २०१९. बाळासाहेबांवर अंत्यसंस्कार इथे झाले, लता मंगेशकरांवर इथे झाले. पाळण्यापासून चितेपर्यंत सगळं याच मातीत. २०२२ मध्ये एका पक्षाचे दोन झाले आणि मैदान मात्र एकच. तेव्हा दसरा मेळाव्याला मैदान कुणाचं, हे ठरवायला उच्च न्यायालयात जावं लागलं. भावाभावांच्या वाटण्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. विहीर वाटतात, आंब्याचं झाड वाटतात, एकदा तर एका म्हशीचे वार वाटलेले पाहिले. पण दसऱ्याच्या संध्याकाळची वाटणी करता येत नाही. ती एकालाच मिळते.

“म्हणजे कागद लागतो तर,” मी म्हणालो.

“कागद!” ते इतके हसले की शेजारच्या कुत्र्याने मान वर केली. “अहो, इथे कागदाशिवाय चेंडूसुद्धा टप्पा घेत नाही.”

मग त्यांनी सांगितलं की २०१० मध्ये उच्च न्यायालयाने हा भाग शांतता क्षेत्र ठरवला. ध्वनिक्षेपक लावायचा तर ठरावीकच दिवस, ठरावीकच वेळ, आणि त्या प्रत्येकासाठी अर्ज. पालिकेचा कागद, पोलिसांचा कागद. मला अण्णांचं वाक्य आठवलं आणि माझ्या मनातला तो ‘क’ एकदम जागेवर बसला. पार आणि पार्क यांत फरक आहे तो कागदाच्या ‘क’चा. पारावर बसायला कागद लागत नाही.

मी हे मोठ्या विजयाने त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने समोरच्या इमारतीकडे बोट करून म्हणाले, “तिसरा मजला आमचा. आई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती. सभा असली की खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि ती विचारायची, कोण आलंय रे?”

यावर मी गप्प बसलो. कारण नवरात्रात आमच्या घराकडे तोंड केलेला एक कर्णा मला चांगला ठाऊक आहे. पहाटे साडेचारला ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’ म्हणणारा पोरगा कुणाचा आहे तेही ठाऊक आहे. देवी त्वरित पावते हे खरं, पण तिलाही इतक्या पहाटे उठवायचं कारण नाही. त्या कर्ण्याची तक्रार आम्ही कधी केली नाही, याचं कारण आमची सहनशीलता नव्हे. पोरगा मेव्हण्याचा आहे. दादरच्या लोकांना मेव्हणे नसावेत, म्हणून ते न्यायालयात जाऊ शकले.

धुळीचंही तेच. मैदानातली लाल माती उडते, घरात येते, खोकला होतो, म्हणून पार्काजवळचे रहिवासी बरीच वर्षं ओरडत आहेत. गवत लावून झालं, पाणी मारून झालं. मी ज्या गावाहून आलो तिथे धूळ हा हवेचाच एक प्रकार मानतात, त्यामुळे मला आधी हसू आलं. पण त्या गृहस्थांच्या तिसऱ्या मजल्यावर चहाला गेलो, तेव्हा त्यांच्या सौभाग्यवतींनी टीपॉयवर बोट फिरवून मला दाखवलं. बोट लाल झालं होतं. “सकाळीच पुसलंय,” त्या म्हणाल्या. त्यांच्या खिडकीतून सगळं मैदान दिसत होतं. मी म्हणालो, “एवढी धूळ येते तर जागा बदलायची.” दोघं माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागले, जसं मी त्यांना दत्तक जायला सुचवलं होतं.

*

गावी परत आल्यावर पारावर मी पार्काचं वर्णन करत होतो. पोरांना सचिनची नाणी सांगितली, म्हाताऱ्यांना अत्रे सांगितले, आणि अठ्ठावीस एकर रानाला नांगर नाही हे सगळ्यांना सांगितलं. तेवढ्यात आमच्या शेजारच्या मावशी दळण घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या.

“कोणता पार्क? दादरचा? मला काय सांगतो भाऊ, मी धा-बारा बार झोपले तिथं.”

पार एकदम गप्प झाला.

मावशी दर वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जातात हे मला ठाऊक होतं. पण चैत्यभूमी आणि शिवाजी पार्क यांची सांगड मी कधी मनात घातलीच नव्हती. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनाला महाराष्ट्रभरातून, बाहेरूनही, लाखो माणसं दादरला येतात. त्यांच्या मुक्कामाची सोय या मैदानात असते. पालिका मंडप घालते, नळ लावते, शौचालयं उभी करते, आणि तीन-चार दिवस ते मैदान म्हणजे एक गाव होतं. मावशी ४ तारखेलाच निघतात. बाजरीच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, एक वाकळ, एक पाण्याची कळशी. कळशी कशाला, तिथे नळ असतात की, असं मी म्हटलं. “नळ त्यांचा, कळशी आपली,” मावशी म्हणाल्या.

मग मावशींनी पार्क सांगितला. त्यांच्या पार्कात क्रिकेट नव्हतं, अत्रे नव्हते, शपथविधी नव्हता. त्यांच्या पार्कात आधी आपल्या जिल्ह्याची माणसं शोधावी लागतात. लातूरची त्या बाजूला, नांदेडची या बाजूला, बीडची कुठे ते हाका मारून काढायचं. एकदा जागा धरली की वाकळ अंथरायची आणि कुणीतरी वाकळेपाशी थांबायचं. रांगेत आठ-आठ तास उभं राहून चैत्यभूमीचं दर्शन झालं की परत येऊन पाय चोळायचे. आणि मग पुस्तकं. मैदानाभोवती पुस्तकांचे इतके गाळे असतात की, मावशींच्या शब्दांत, “तुमच्या गेवराईच्या बाजारात तेवढ्या भाजीच्या पाट्या नसतील.”

मावशींना लिहिता-वाचता येत नाही. पण दर वर्षी त्या चार पुस्तकं आणतात. किंमत त्या कापसात मोजतात. हे पुस्तक पाच किलो वेचणीचं, हे जाडं पंधरा किलोचं. एका वर्षी पाऊस लांबला, कापूस वेळेवर फुटला नाही, तेव्हा दोनच आणली. निवड कशी करता, असं मी विचारलं. म्हणाल्या, “दुकानदाराला इचारते, पोरगी नववीला हाय, काय देऊ? तो देतो. कुण्या साली लबाडी करतो, पातळ पुस्तक देतो. मग मी वजन करून बघते.” त्यांची नात आता बीडला शिकते. घरातल्या फडताळात पुस्तकांची एक सरळ रांग आहे आणि त्यांतलं प्रत्येक किती किलोचं हे मावशींना तोंडपाठ आहे.

“आन् धूळ?” मी विचारलं. माझ्या डोक्यात अजून टीपॉय होता.

“धूळ कुठं नाही भाऊ? पण वारा लई गार येतो. समिंदर जवळ हाय ना. झोप अशी लागती की बास.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “तिथं कुणी ऊठ म्हणत नाही.”

दळणाचा डबा डोक्यावर घेऊन त्या निघाल्या. पारावर काही वेळ कुणी बोललं नाही. मग एका पोराने विचारलं, “म्हणजे सचिन जिथं खेळला तिथं मावशी झोपती?” यावर दोन गट पडले. एक म्हणाला, हो. दुसरा म्हणाला, नाही, सचिन मावशी झोपते तिथे खेळला. हा वाद आठवडाभर चालला आणि दुसऱ्या गटाचं पारडं जड राहिलं, कारण मावशींची वर्षं जास्त भरत होती.

*

अलीकडे आमच्याकडे पाराभोवती लोखंडी कठडा करायचा, आत गवत लावायचं, ‘आय लव्ह’ अशी तांबडी अक्षरं बसवायची आणि खाली गावाचं नाव, असा एक विचार निघाला आहे. म्हणजे फोटो काढता येतील. अंदाजपत्रकही झालंय म्हणतात. मी विचारलं, “गवत लावल्यावर बसायचं कुठं?” उत्तर मिळालं, “बसायचं नाही, बघायचं.” शेवटी आमच्या पाराला ‘क’ मिळणार असं दिसतं. कागदासकट. यथावकाश.

दादरच्या त्या गृहस्थांचा मधूनमधून फोन येतो. “काय म्हणतंय तळवडे?” असं विचारतात. मी म्हणतो, “चांगलं आहे.” मागच्या खेपेला त्यांना मावशींचं सांगितलं. ते म्हणाले, “त्या दिवसांत आम्ही सहसा नाशिकला मुलीकडे जातो. गर्दी फार असते.” मग थोडं थांबून म्हणाले, “यंदा थांबेन म्हणतो.”

तेव्हा दादरकरांना एवढंच सांगणं आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कट्ट्यावर बसला असाल आणि डोक्यावर पदर, बगलेत वाकळ, हातात रिकामी कळशी अशी कुणी आमच्याकडची बाई टेकायला जागा बघत असेल, तर जरा सरका. गाव विचारलंत आणि तिने तलवाडा सांगितलं, तर तळवडे ऐकू नका. आणि दर्शनाला जाताना तिने चपला कट्ट्याखाली काढून ठेवल्या, तर तेवढ्या वेळ त्यांच्यावर नजर असू द्या. विशेषतः उजवीवर.